चौदा वर्षांपूर्वीचं पाणी

लुईझा ही माझी मोठी बहीण. मी तिला बाय म्हणते. सत्तावन्नच्या जानेवारीत ती नवऱ्याला घेऊन मुंबईला माझ्या रुग्णालयात आली, तेव्हा मी पुरुषांच्या वॉर्डात चादरी बदलत होते. मी तिथं नर्स होऊन सहा वर्षं झाली होती, पण वसईच्या पाचूबंदरहून ती कधी मला भेटायला आली नव्हती. तिला दारात बघून मी आधी आनंदले. मग तिच्या मागे भिंतीला धरून उभे असलेले सायमनभाऊजी दिसले. मे महिन्यात मी घरी गेले होते तेव्हा हा माणूस एकट्यानं होडी वाळूवर ओढत होता. आता त्यांच्या अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा मागून आणल्यासारखा लोंबत होता.

“उन्हाळी लागलीय,” बाय म्हणाली. “दोन महिने झाले, लघवीची आग जातच नाय. धन्याजिऱ्याचं पानी दिलं, सब्जा दिला, शहाळी दिली, वैद्याच्या पुड्या दिल्या. बसवत नाय, झोपवत नाय.”

मी त्यांना बाकावर बसवलं आणि नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. मूतखडा असेल असं माझ्या मनात होतं. कोळी माणसं उन्हात दिवसदिवस पाणी न पिता काढतात, त्यांना खडे होतात. भाऊजी कशालाच धड उत्तर देईनात. शेवटी म्हणाले, “लुईझा, जरा चहा बघ कुठं मिळतो काय.” ती गेली. ती जिन्यावरून उतरल्याचा आवाज बंद होईपर्यंत ते गप्प होते.

“रेजिना, ही उन्हाळी नाय,” ते म्हणाले. “रगत जातंय.”

“कधीपासून?”

ते विचारात पडले. मला वाटलं, आठवडे मोजतायत.

“बसऱ्यापासून,” ते म्हणाले.

मला पहिल्यांदा शब्दच कळला नाही. बसरा म्हणजे लढाईतलं, इराकातलं. बसऱ्याहून ते परत आले त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि तिथं गेल्याला पंधरा. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, “तुझ्या बहिनीला म्हाईत नाय.”

एका घरात, एका चटईवर अकरा वर्षं काढलेल्या बायकोला माहीत नाही.

*

सायमनभाऊजी कोण, हे आधी सांगायला हवं. पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांत त्यांचं घर किल्ल्याच्या बाजूला, अगदी पाण्याजवळ. शिक्षण चौथीपर्यंत. आवाज हळू. रविवारी मिस्साला मागच्या खांबाजवळ उभे राहत आणि उरलेले सहा दिवस समुद्रात. त्यांच्या हातची डोल, म्हणजे आमच्याकडची खुंटांना बांधायची मोठी पिशवीसारखी जाळी, फाटली तरी उसवत नाही असं लोक म्हणत.

बेचाळीस साली सरकारला इराकात नद्यांवर लाँची आणि मालाचे पडाव चालवायला माणसं हवी होती. पाचूबंदर आणि अर्नाळ्याची मिळून सात माणसं गेली. भाऊजी गेले, त्यांचा चुलतभाऊ फर्डिनंड गेला, अर्नाळ्याचा शत्रुघ्न गेला. बायचं लग्न होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. बंदुकीच्या जवळ जायचं नाही, नुसती होडी चालवायची, असं तिला सांगून ते गेले आणि ते खरंच होतं. सातही माणसं जशी गेली तशी धडधाकट परत आली. त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या होत्या ते मला आठवतं. पुढल्या वर्षी रिटा झाली, त्यांची एकुलती एक मुलगी.

इराकात काय झालं ते त्यांनी मला त्या बाकावर सांगितलं. बसऱ्याहून माल वर न्यायचा. मोठ्या नदीतून कालव्यात शिरलं की पाणी उथळ. पडाव गाळात रुतले की कंबरभर पाण्यात उतरून ढकलायचे. ऊन असं की पत्र्याला हात लागला तर कातडी निघावी, म्हणून काम संपलं की सगळे कालव्यातच डुंबत. गोडं पाणी, थंड पाणी. बाहेर आल्यावर पायांना खाज सुटायची, ती तासाभरात जायची. काही महिन्यांनी लघवीच्या शेवटी दोन-चार थेंब लाल यायला लागले. भाऊजी घाबरले. त्यांच्याबरोबर एक तिथलाच नावाडी काम करायचा. त्यानं हसून खुणेनं सांगितलं की इथं सगळ्यांना असंच होतं, पोरगा मोठा झाला की होतंच, त्यात काय.

“मग आमीबी हसलो,” भाऊजी म्हणाले. “फर्डिनंडला व्हायचं, शत्रुघ्नला व्हायचं. आमी एकमेकाला चिडवायचो. सुटताना फौजेच्या डाक्तरनं विचारलं, काही तक्रार हाय? मी म्हनालो, नाय. घरी जायचं होतं.”

रक्त कधी जायचं, कधी सहा-सहा महिने जायचं नाही. जायचं तेव्हा दुखत नसे. होडीवर समुद्रात गेलेल्या माणसाचं कोण बघतं. असं करत करत त्यांनी ते रक्त आपलंच मानून टाकलं होतं.

*

आमच्याकडे तपासणीच्या खोलीत डॉक्टर लुईस म्हणून होते. लढाईत ते कैरोच्या फौजी इस्पितळात तीन वर्षं होते. मी बसऱ्याचं नाव काढलं तशी त्यांनी हातातली काचपट्टी खाली ठेवली.

“कालव्यात उतरायचा का तो?” त्यांनी विचारलं.

“कंबरभर,” मी म्हटलं.

त्यांनी दुपारी बाराला भाऊजींना बोलावलं. तीन वेळा जिना चढायला-उतरायला लावला आणि मगच लघवी घ्यायला सांगितली, तीही शेवटची, थेंबांची. बायला वाटलं डॉक्टर चेष्टा करतायत. दुखणाईत माणूस कठड्याला धरून जिना चढतोय आणि मी बाटली घेऊन खाली उभी, हे तिला बघवेना. “तुझं इस्पितळ असं असतं काय?” ती मला म्हणाली.

अर्ध्या तासानं डॉक्टरांनी मला हाक मारली आणि सूक्ष्मदर्शकासमोरच्या स्टुलावर बसवलं. मी डोळा लावला. तांबड्या कणांच्या मधे एक लांबट, काचेसारखी अंडाकृती वस्तू होती. तिच्या एका टोकाला काटा होता, बाभळीच्या काट्यासारखा. आणि आत काहीतरी हललं.

मी डोळा काढला. पुन्हा लावला. पुन्हा हललं.

“अंडं आहे,” डॉक्टर लुईस म्हणाले. “आतलं पिल्लू जिवंत आहे. म्हणजे घालणारी मादीही जिवंत आहे.”

“कुठं?”

“त्याच्या मूत्राशयाभोवतीच्या शिरांत. नर आणि मादी जोडीनं राहतात, एकमेकांना धरून. रोज अंडी घालतात. काही अंडी काट्यानं वाट काढून लघवीत येतात, दुपारी आणि हालचाल झाल्यावर जास्त, म्हणून तो जिना. बाकीची तिथंच, मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात.”

मी गेली सहा वर्षं माणसांच्या जखमा, पू, सगळं हातानं साफ केलेलं होतं. पण त्या दिवशी मी उठून नळाखाली हात धुवायला गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. पाण्यात हात घालवेना. त्रेचाळीस साली अंगात शिरलेली जोडी. बाय त्यांच्या शेजारी झोपली, रिटा त्यांच्या मांडीवर वाढली, त्यांनी शेकडो वेळा जाळं ओढलं, आणि हे सगळं चालू असताना ती आत अंडी घालत होती.

दोन दिवसांनी मोठ्या सर्जननी दुर्बीण घालून मूत्राशय पाहिलं. आतून सगळं वाळू चिकटल्यासारखं खरबरीत झालं होतं, आणि एका बाजूला गाठ होती. तिचा तुकडा तपासला. कॅन्सर होता. त्या तुकड्यातही काट्याची अंडी होती, जुनी, चुनखडी झालेली.

*

बायला आणि भाऊजींना सांगायला डॉक्टर लुईस स्वतः आले. वॉर्डाच्या टोकाला पडदा लावून आम्ही चौघं बसलो. त्यांनी कागदावर किडा काढून दाखवला, गोगलगाय काढून दाखवली. तिकडच्या गोड्या पाण्यात एक छोटी गोगलगाय असते, हा किडा लहानपणी तिच्यात राहतो, मग पाण्यात सुटतो आणि माणसाच्या कातडीतून आत जातो.

“पन मी ते पानी कदी पिलो नाय,” भाऊजी म्हणाले. “पलटणीचं पानी टाकीतून यायचं. आमी तेच प्यायचो.”

“प्यावं लागत नाही. पाय बुडाले तरी पुरे.”

“जखम नव्हती पायाला.”

“जखम लागत नाही.”

भाऊजी आपल्या पायांकडे बघत राहिले. जन्म पाण्यात गेलेला माणूस. पाणी बुडवतं, वाहून नेतं, होडी फोडतं, हे सगळं त्याला ठाऊक. नुसतं त्यात उभं राहिल्यानं ते कातडीतून आत येतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. ते दोन्ही हातांनी पोटऱ्या चाचपत होते, जणू अजून एखादी खूण सापडेल.

“म्हंजे मी तिकडून एकटा नाय आलो,” ते म्हणाले.

बायनं डॉक्टरांना विचारलं, “आनि कॅन्सर? तो त्या किड्यानं केला?”

डॉक्टर लुईस सरळ माणूस. ते म्हणाले, “बाई, मी शपथेवर सांगू शकत नाही. मिसरात मी एकाच माणसात किडा आणि ही गाठ इतक्या वेळा पाहिली की त्याला योगायोग म्हणवत नाही. तिथले डॉक्टर हे चाळीस-पन्नास वर्षं सांगतायत. अंड्यांमुळे आतली भिंत वर्षानुवर्षं सोलली जाते, भरते, पुन्हा सोलली जाते. त्यातून कधीतरी गाठ धरत असावी. पण किडा असलेल्या सगळ्यांना ती होत नाही. का होत नाही ते मला माहीत नाही. तुमचा नवरा विडी ओढतो, तिचाही हात असेल.”

“माझ्या पोरीला?”

“माणसाकडून माणसाला होत नाही. तरी तिची लघवी आणा, मी बघतो.”

रिटाची तपासली, बायची तपासली. काही नव्हतं. बायनं ते ऐकलं आणि मग ती नवऱ्याकडे वळून पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. “अकरा वर्षं,” ती म्हणाली. “मी तुमचे कपडे धुतले, अकरा वर्षं. तुमी डाग कुठं धुवायचे?”

“तळ्यावर,” भाऊजी म्हणाले. “घरी यायच्या आधी.”

त्या वेळी या उत्तराकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

*

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. मूत्राशयाचा गाठीकडचा अर्धा भाग काढला. सर्जनला सगळं काढून लघवीची वाट आतड्यात जोडायची होती, पण भाऊजींच्या अंगात तेवढी ताकद नव्हती. गाठ पुन्हा येणार नाही असं कुणी म्हणालं नाही.

टाके काढल्यावर चार दिवसांनी डॉक्टर लुईस त्यांना बघायला आले. भाऊजी उशीला टेकून बसले होते.

“डाक्तर, एक विचारू? तो किडा गोड्या पान्यात राहतो म्हनलात. गोगलगाईत.”

“हो.”

“आमच्या बंदरावर एक तळं हाय, गोडं. समुद्रावरनं आलं की आमी पोरंटोरं सगळी तिथं अंग धुतो, मीठ उतरवायला. बाया कपडे धुतात. मी तिथं…” ते थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. “अकरा वर्षं. पान्यात उभं असताना.”

डॉक्टर लुईसांचा चेहरा बघून मला कळलं की हा विचार त्यांच्याही मनात आला नव्हता. लघवीतलं अंडं पाण्यात फुटतं, पिल्लू गोगलगाय शोधतं. तळ्यात गोगलगाई होत्या. मी लहानपणी त्यांच्याशी खेळले होते. आणि त्या तळ्यात रिटा पोहायला शिकली होती.

पाच वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या एका खेड्यात हाच रोग सापडल्याचं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. म्हणजे आपल्याकडे होऊच शकत नाही असं म्हणायची सोय नव्हती. त्याच रविवारी मी घरी गेले आणि लोणच्याच्या दोन बरण्या भरून तळ्यातल्या गोगलगाई घेऊन आले. हातमोज्यांऐवजी दोन्ही हातांत भावाचे रबरी बूट चढवले होते, दुसरं काही जाड मिळालं नाही. तपासणीच्या खोलीत त्या काचेच्या वाट्यांत घालून उन्हात ठेवायच्या आणि पाण्यात काही सुटतंय का ते बघायचं, असं काम सुरू झालं.

निकाल यायला तीन आठवडे लागणार होते. भाऊजी थांबायला तयार नव्हते. घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सा संपल्यावर, होड्यांपाशी माणसं जमतात तिथं ते काठी टेकत गेले. मी बरोबर होते. त्यांनी आयुष्यात कधी चार माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं.

“माझ्या लघवीत किडा हाय,” ते म्हणाले. “बसऱ्याहून आनलेला. तो तळ्यात गेला असंल. डाक्तर बघतायत. ते सांगत नाय तवर कोनी तळ्यात उतरू नका. पोरांना तर नकोच. कोनाची लघवी लाल होत असंल तर रेजिनाला सांगा.”

कुणीतरी मागे हसायला लागलं आणि मधेच थांबलं. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत होती. एकजण म्हणाला, “आमी सगळे त्यातच धुतो, सायमन.”

“म्हनूनच सांगतोय.”

दुसऱ्या दिवशी तळ्यावर कोणी गेलं नाही. आणि त्याच दिवशी बाय वसईच्या बाजारात बसली तेव्हा तिच्या शेजारची मॅग्डलीन, वीस वर्षांपासूनची शेजारीण, टोपली उचलून पलीकडे जाऊन बसली. गिऱ्हाइकं माशाचे कल्ले उघडून बघत, मग बायचं तोंड बघत आणि विचारत, “तुझ्याच नवऱ्याला ना किडा?” किडा माशातून येत नाही, हे तिनं दुपारपर्यंत सांगितलं. मग सांगायची थांबली. टोपली जशीच्या तशी घरी आली. तिनं सगळे बोंबील अंगणातल्या काठ्यांवर वाळत टाकले आणि भाऊजींसमोर येऊन उभी राहिली.

“अकरा वर्षं गप्प बसलात, आनि आता सगळ्या गावाला सांगितलं,” ती म्हणाली.

“तवा बोललो असतो तर हे झालं नसतं,” भाऊजी म्हणाले.

ती रिकामी टोपली उचलून धुवायला गेली.

एप्रिलमध्ये डॉक्टर लुईसांचा निरोप आला. दोन बरण्यांतल्या एकाही गोगलगाईतून काही सुटलं नव्हतं. गावातल्या चौदा पोरांची लघवीही स्वच्छ होती. “सापडलं नाही, एवढंच मी म्हणू शकतो,” ते म्हणाले. “इथल्या गोगलगाईला तो मानवत नसावा. तुमचं गाव वाचलंय असं दिसतं.” मी हे भाऊजींना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसले होते. त्यांनी तोंडावर दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काढले नाहीत. मॅग्डलीन आठवडाभरात पुन्हा बायच्या शेजारी येऊन बसली. तळ्यात मात्र भाऊजींनी त्यानंतर पाय घातला नाही.

*

आता उरली ती बसऱ्याची माणसं. सातांतला एक समुद्रात गेला होता, एक तापानं. भाऊजी धरून राहिले पाच. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर लुईसांनीच विचारलं होतं, “तुमच्याबरोबर आणखी कोण उतरायचं पाण्यात?” ते वाक्य भाऊजींच्या मनातून गेलं नव्हतं. गावातल्या दोघांना त्यांनी स्वतः माझ्याकडे पाठवलं. त्यांच्यात काही निघालं नाही. राहिले शत्रुघ्न आणि फर्डिनंड.

अर्नाळ्याला आम्ही होडीनं गेलो. सुकाणू फर्डिनंडच्याच हातात होतं, कारण भाऊजींना आता जोर करवत नव्हता. आम्ही कशाला चाललोय हे त्याला माहीत होतं. वाटेत कुणी काही विचारलेलं नसताना तो म्हणाला, “माझं काय नाय. माझं तवाच बंद झालं.” भाऊजी किनाऱ्याकडे बघत राहिले. अर्नाळ्याला लागल्यावर फर्डिनंड होडीतच बसून राहिला.

शत्रुघ्न घरी होता. त्याची बायको कमळी, आई, भाऊ, सगळे ओट्यावर बसून जाळं नीट करत होते. भाऊजींना बघून त्याच्या हातातली सुई थांबली. इतक्या वाळलेल्या, पिवळ्या पडलेल्या माणसाची ओळख पटायला त्याला वेळ लागला. पाणी आलं, चहा आला. भाऊजींनी आपला रोग सांगितला आणि शेवटी विचारलं, “तुझं कसं हाय?”

“बरं हाय की,” शत्रुघ्न म्हणाला. “मना काय झालंय?”

कमळी त्याच्याकडे बघत होती. आम्ही उठलो. वाळूवरून अर्ध्यात आलो तेव्हा मागून पळत येणारे पाय ऐकू आले.

“सायमन.” शत्रुघ्नला धाप लागली होती. “मनाबी जातंय. अजून जातंय.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “मी मरनार काय?”

“मना नाय म्हाईत,” भाऊजी म्हणाले. “तू रेजिनाबरोबर जा. उद्याच जा.”

शत्रुघ्नच्या लघवीत अंडी ढिगानं होती. दुर्बिणीतून पाहिलं तर आतली भिंत खरबरीत, पण गाठ नव्हती. त्याला अँटिमनीची इंजेक्शनं सुरू केली, दिवसाआड, शिरेतून. सुई आत गेली की तो खोकून खोकून वाकायचा, मग ओकायचा, मग दिवसभर पडून राहायचा. दोनदा नाडी इतकी मंद झाली की मी डॉक्टरांना पळत बोलावून आणलं. महिन्याभरानं अंडी थांबली. तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं, नव्हती. कमळी मला भेटायला सुकी कोळंबी घेऊन आली. ती माझे हात धरून उभी राहिली.

फर्डिनंड आला नाही.

*

गाठ अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात परत आली. या वेळी ती कमरेच्या हाडात गेली होती. भाऊजींनी मुंबईला यायला नकार दिला. मी रजा घेऊन गेले आणि शेवटचे पाच आठवडे तिथंच राहिले. मॉर्फियाची इंजेक्शनं वसईच्या डॉक्टरांकडून आणून मीच देत असे. मरणाच्या भीतीबद्दल ते कधी बोलले नाहीत. एकदा मात्र मी त्यांना कुशीवर वळवत असताना ते म्हणाले, “रेजिना, ती जोडी अजून हाय काय ग आत?”

त्यांनाही तीच इंजेक्शनं दिली होती, ऑपरेशननंतर. “नाही,” मी सांगितलं. “ती केव्हाच मेली.”

“मंग आता मना कोन मारतंय?”

मी नर्स आहे. गाठ एकदा धरली की तिला किड्याची गरज उरत नाही, हे मला माहीत होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. त्यांची चादर सारखी केली. ऑक्टोबरात, एका सकाळी, बाय त्यांना पेज भरवत असताना ते गेले. वय एकेचाळीस.

मातीला सगळं बंदर आलं. अर्नाळ्याहून शत्रुघ्न आला. पेटीच्या एका कोपऱ्याला फर्डिनंडचा खांदा होता. कबरस्तानातून परत येताना तो भिंतीआड लघवीला गेला आणि बराच वेळ आला नाही. बायनं ते पाहिलं.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडून तपासणीची बाटली मागून घेऊन फर्डिनंडच्या घरी गेली, मीही मागोमाग गेले. ती काळ्या लुगड्यातच होती. तो ओट्यावर दोर वळत होता. तिनं बाटली त्याच्यासमोर ठेवली आणि समोरच्या पायरीवर बसली.

“फर्डिनंड भाऊजी, मी इथून उठनार नाय,” ती म्हणाली.

“माझं काय नाय, लुईझा.”

“त्यांचंबी काय नव्हतं.”

फर्डिनंडनं दोर खाली ठेवला. त्याची बायको आतून दारात आली होती. तो तिच्याकडे बघून म्हणाला, “तू आत जा.” ती गेली नाही. मग तिच्यासमोर, बायसमोर, माझ्यासमोर बाटली उचलून तो घरामागे गेला.

बाटलीत जे होतं ते बघायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. त्याच्या बायकोनं ते पाहिलं आणि ती उभी होती तिथंच खाली बसली.

फर्डिनंडला गाठ होती. लहान, वाटाण्याएवढी. डॉक्टर लुईस म्हणाले की आणखी वर्षभरानं ती सायमनच्या गाठीएवढी झाली असती. सर्जननी ती काढली, आणि जखम भरल्यावर इंजेक्शनं सुरू झाली. तो शत्रुघ्नपेक्षा जास्त ओकायचा आणि मला शिव्या द्यायचा. बाय दर आठवड्याला बाजार उरकून मुंबईला येई आणि त्याच्या खाटेजवळ बसे.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा ती व्हरांड्यात उभी होती. ट्रेमधल्या औषधाच्या रिकाम्या नळीकडे तिनं बोट केलं.

“ही सुई त्या टायमाला होती? ते घरी आले तवा?”

“होती,” मी म्हटलं.

“तवा दिली असती तर गाठ झाली नसती?”

डॉक्टर लुईस असते तर म्हणाले असते की शपथेवर सांगू शकत नाही. मीही तेच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग नळीकडे. चेहऱ्यावर रडू नव्हतं, राग नव्हता. कुणीतरी अचानक कानाखाली मारल्यावर माणूस जसा दिसतो तशी ती दिसत होती.

त्याला आता सहा महिने झाले. फर्डिनंड पुन्हा होडीवर जातो, दर तीन महिन्यांनी तपासायला येतो. आमच्या वॉर्डात चाळिशीचा कुणी माणूस उन्हाळीची तक्रार घेऊन आला की मी ताप आणि नाडी बघायच्या आधी त्याला विचारते, लढाईत कुठं होतात? बहुतेक जण म्हणतात, कुठंच नाही, इथंच होतो. गेल्या महिन्यात एकजण म्हणाला, “बसरा.”